सत्तावीस फुटांची दांडी

कापड टांगायची दांडी म्हणजे सुतारकामातलं पोरासोरांचं काम, असं पुष्कळांना वाटतं. लाकूड घ्यायचं, गोल करायचं, भिंतीत दोन ब्रॅकेटं मारायची आणि वर ठेवून द्यायचं. सात-आठ फुटांपर्यंत हे खरंही आहे. बारा फुटांच्या पुढे मात्र तीच दांडी वेगळी वागायला लागते आणि वीस फुटांच्या पुढे गेलं की कापडाचा विचार मागेच पडतो. तिथं दांडीला स्वतःचं वजन पेलायचं असतं, हीच पहिली अडचण.

माझं कामाचं आयुष्य कोल्हापुरात गेलं. दारं, खिडक्या, देव्हारे, कपाटं, सगळं केलं. पण लांब दांड्या माझ्याकडे येत राहिल्या. एकाची केली, त्यानं दुसऱ्याला सांगितलं, असं होत गेलं. या कामात पैसा फार नाही. दांडी लावून झाली की कुणाची नजरही तिच्यावर जात नाही, सगळे कापड बघतात. तरी लाकूड म्हणजे काय, हे मला कपाटांपेक्षा या दांड्यांनी जास्त समजावलं.

गिऱ्हाईक आलं की पहिला प्रश्न ठरलेला असायचा. "मिस्त्री, दोनच टोकांवर बसवा. मधे आधार नको, वाईट दिसतो." लगेच दुसरं वाक्य, "वाकत असेल तर जाड करा की." जाड केलं की लाकूड वाकत नाही, ही समजूत इतकी सार्वत्रिक आहे की सुतारसुद्धा तीच धरून बसतात. वडील तेवढे उलट सांगायचे. "जाडी नको वाढवू, आधार वाढव," हे त्यांचं वाक्य. कारण ते सांगत नसत. त्यांना हातानं ठाऊक होतं, तेवढं त्यांना पुरत होतं.

कारण मला एका गिऱ्हाइकानं सांगितलं. तंत्रनिकेतनात शिकवून निवृत्त झालेले गृहस्थ होते. हॉलच्या अठरा फुटी भिंतीला पडदे लावायचे होते. मी मधल्या ब्रॅकेटचा आग्रह धरला तेव्हा वाद न घालता त्यांनी माझ्याकडची पेन्सिल घेतली आणि तिथेच पडलेल्या प्लायच्या तुकड्यावर गणित मांडलं. तीच जाडी ठेवून दांडीची लांबी दुप्पट केली, तर तिच्या स्वतःच्या वजनानं येणारा झोळ दुप्पट होत नाही, सोळापट होतो. आणि लांबी तीच ठेवून जाडी दुप्पट केली तर वजन चौपट होतं, झोळ मात्र चौथ्या हिश्श्यावरच येतो. म्हणजे चौपट लाकूड घालून जे मिळत नाही, ते बरोबर मधोमध एक आधार देऊन मिळतं. एका आधारानं झोळ सोळाव्या हिश्श्याच्याही खाली जातो. तो प्लायचा तुकडा मी नंतर बरीच वर्षं दुकानात खिळ्याला लावून ठेवला होता. मधला आधार नको म्हणणाऱ्याला मी तोच दाखवायचो.

त्यांच्या हॉलमध्ये आम्ही पडद्याचे दोन भाग केले आणि ते जिथं मिटतात तिथं, बरोबर मधोमध, ब्रॅकेट घेतलं. कड्या ब्रॅकेटवरून पलीकडे जाण्याचा प्रश्नच उरला नाही. आजही कुणी विचारलं तर मी हेच सांगतो. आधी पडदा कुठे उघडतो ते ठरवा, मग दांडीचा आधार आपोआप ठरतो. पडदा एकसंधच हवा असेल तर मागून उघड्या असलेल्या कड्या घ्याव्या लागतात आणि ब्रॅकेटचा हात मागून बारीक ठेवावा लागतो.

कामाला सुरुवात वखारीत होते. खरं तर निम्मं काम तिथंच संपतं. आमच्याकडे जुने सुतार दांडेलीच्या सागवानाचं नाव घ्यायचे, विदर्भातला माल आला तर बल्लारशाचं. नाव कुठलंही असो, लांब दांडीसाठी मी फळीचा रंग बघत नाही, चकाकी बघत नाही. रेषा बघतो. झाड उभं वाढताना लाकडाच्या रेषा ज्या दिशेनं गेल्या, त्या दिशेनं दांडी निघाली पाहिजे. करवतीनं फळी सरळ कापलेली असते म्हणून रेषाही सरळ असतील असं नाही. पुष्कळदा त्या मधेच तिरक्या होऊन कडेतून बाहेर पडतात. टेबलाच्या फळीत हे चालून जातं. दोन इंची दांडीत ती जागा पुढे वाकते किंवा तुटते. शंका आली तर मी फळीवर शाईचा थेंब टाकतो. थेंब रेषेच्या दिशेनं लांब पसरतो आणि डोळ्याला न दिसणारं वळण दाखवून देतो. वखारवाले सुरुवातीला वैतागायचे. नंतर माझ्यासाठी सरळ रेषेचा माल बाजूला ठेवायला लागले.

गाठ असलेला तुकडा घ्यायचाच नाही, कडेचा पांढरा कच्चा भागही नाही. लाकूड वाळलेलं हवं, आणि वाळल्यावर कसं ठेवलं होतं तेही विचारायला हवं. भिंतीला तिरकी टेकवून ठेवलेली लांब रीप काही महिन्यांत तोच बाक घेऊन बसते. लाकडावर भार कायम राहिला तर आधी ते वाकतं, आणि पुढे भार काढला तरी पूर्ण सरळ होत नाही. म्हणून माझ्याकडे लांब माल नेहमी आडवा असतो, खाली दर दोन फुटांवर सारख्या उंचीचा ठोकळा. पावसाळ्यात दुकानात दमट हवा भरते, तेव्हा तर हे जास्तच सांभाळावं लागतं. हवेनं लाकूड फुगतं ते जाडीत. लांबीत फरक जवळजवळ पडतच नाही. त्यामुळे लांब दांडी पावसाळ्यात भिंतीला टेकेल ही भीती नसते, पण ब्रॅकेटच्या कड्यात ती घट्ट अडकू शकते. कड्यात सूतभर मोकळीक ठेवावी.

गोल करायचं काम यंत्रावर होत नाही. कातारी कामाचं यंत्र चार-पाच फुटांचं, आणि त्याहून लांब लाकूड फिरवलं तर मधे फडफडतं. लांब दांडी हातानंच गोल करावी लागते, आणि मला यातलं सगळ्यात आवडतं काम हेच. आधी चौकोन काटेकोर काढायचा. चौकोनाचा अष्टकोन, अष्टकोनाचे सोळा पैलू, मग गोल. अष्टकोनाच्या रेघा कुठे मारायच्या याचं आमच्या घरात चालत आलेलं माप आहे. सात, दहा, सात. तीन इंची चौकोनी लाकडाची एक बाजू म्हणजे चोवीस सूत. एका कडेपासून सात सुतांवर एक रेघ, पुढे दहा सोडून दुसरी, उरले सात. चारी बाजूंना अशा रेघा मारून कोपरे रंध्यानं उतरवले की आठही पैलू सारखे येतात. लाकूड दोन इंची असेल तर सोळाच सूत असतात आणि भागाकार जमत नाही. मग पट्टी तिरकी धरायची, इतकी की एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत बरोबर चोवीस सूत भरतील, आणि सात आणि सतरावर खूण करायची. मापाचं प्रमाण तेच राहतं. वडिलांना हे त्यांच्या वडिलांनी दाखवलं होतं. होड्यांच्या डोलकाठ्या करणारेही याच प्रमाणानं गोल काढतात, हे मला पुढे मालवणकडच्या एका कारागिराशी बोलताना कळलं. त्यांची काठी उभी राहते आणि आमची आडवी, पण रंधा तसाच चालतो.

सोळा पैलूंच्या पुढे रेघा मारत नाही. डोळे मिटून तळवा फिरवायचा. डोळ्याला सावली फसवते, तळव्याला उंचवटा लगेच लागतो. माझ्याकडे शिकायला आलेल्या पोरांना मी हेच आधी करायला लावत असे. कंटाळून निघून गेले ते गेले. राहिले त्यांचा हात चांगला तयार झाला.

आता सांध्याविषयी. पंचवीस-तीस फुटांचा सरळ, बिनगाठीचा एकसंध तुकडा मिळणं अवघड, आणि मिळाला तर त्याची किंमत ऐकून गिऱ्हाईक उठून जातं. वखारीत बारा-चौदा फुटांचा माल सहज मिळतो. तेव्हा जोड आलाच. लोकांना जोड म्हणजे कमीपणा वाटतो. मला तसं कधी वाटलं नाही. दोन टोकं लांब तिरकी कापून एकमेकांवर बसवायची. जाडी दोन इंच असेल तर तिरका काप निदान सोळा इंचांचा, जमल्यास चोवीस. काप जितका लांब, तितका एका तुकड्यावरचा ताण हळूहळू दुसऱ्यावर जातो. सागवान तेलकट असतं, म्हणून चिकटवण्याआधी ताजा रंधा मारून थिनरनं पुसून घ्यावं लागतं, नाहीतर कुठलाही गोंद नीट धरत नाही. पूर्वी सरस वापरायचे. सरस कोरड्या हवेत उत्तम, पण पावसाळ्यात ढिला पडायचा. आता इपॉक्सी मिळतं, तो प्रश्न संपला. सांधा कुठे येतो यालाही महत्त्व आहे. दोन आधारांच्या ऐन मधे सांधा कधी घेऊ नये. मधल्या आधारापासून गाळ्याच्या साधारण चौथ्या हिश्श्यावर वाकवणारा ताण सगळ्यात कमी असतो, तिथं सांधा निर्धास्त राहतो.

हे सगळं एकदम पणाला लागलं ते एका प्रदर्शनात. जुन्या इरकल साड्या जमवणाऱ्या एक बाई माझ्याकडे आल्या. साड्या घडीत ठेवून दाखवल्या की लोकांना फक्त पदर दिसतो, अंग दिसत नाही, पदर आणि अंग मागावरच कसं जोडलंय ते दिसत नाही, अशी त्यांची तक्रार होती. त्यांना एक नऊवारी अख्खी, एकही घडी न घालता, काठाकडून आडवी टांगायची होती. नऊ वार म्हणजे सत्तावीस फूट. दांडी तेवढीच हवी, आणि रेषेत हवी, कारण खाली काठाची सरळ रेघ असणार. दांडी अर्धा इंच जरी लोंबली तरी काठ ते उघड करणार.

मी हिशेब केला. दोन इंची सागवानी दांडी सत्तावीस फुटांची केली तर तिचं वजन अकरा किलोच्या आसपास भरतं. साडी फार तर किलोभर. दोन टोकांवर ठेवली असती तर साडी टांगण्याआधीच दांडी मधे सात-आठ इंच खाली आली असती. नऊ-नऊ फुटांवर चार आधार घेतले की झोळ सूतभरही उरत नाही. छताला आकडे होते, तिथून चार बारीक पोलादी तारा सोडायच्या ठरल्या. पण तारा वरून येणार आणि साडी दांडीवरून टाकलेली असणार, हे जमेना. तोड त्या बाईंकडेच होती. संग्रहालयात जुनी वस्त्रं दांडीवरून टाकत नाहीत, असं त्यांनी सांगितलं. वस्त्राच्या कडेला मागून धुतलेल्या सुती पट्टीवर हातशिलाईनं वेल्क्रो लावतात, जोडीची पट्टी लाकडावर असते, आणि वजन सगळ्या लांबीवर सारखं वाटलं जातं. त्यासाठी दांडीची एक बाजू सपाट हवी. म्हणजे ज्या लाकडाला गोल करायला मी इतकी वर्षं घालवली, त्याची एक बाजू सपाट सोडायची. मी आनंदानं सोडली, कारण त्यामागचं कारण पटलं होतं.

दुसरी गोष्ट त्यांच्याकडूनच शिकलो. लाकडातून आम्लं बाहेर पडत राहतात आणि वर्षानुवर्षं लाकडाला टेकलेलं कापड त्या जागी पिवळं पडून कुजतं. तोवर मी दांडीला जवसाचं तेल पाजून गुळगुळीत करण्यात धन्यता मानत होतो. जुन्या वस्त्रासाठी तेल वर्ज्य. लाकडावर पाण्यात मिसळणारं पॉलिश देऊन ते काही आठवडे पूर्ण सुकू द्यायचं, वर धातूची पातळ फिल्म, आणि त्यावर कांजी काढलेलं मांजरपाट. घरातल्या रोजच्या पडद्याला एवढं लागत नाही. पण आजीची पैठणी भिंतीवर लावायची असेल तर एवढं जरूर करा.

दांडी त्या दालनात आणायची कशी, हा प्रश्न होताच. मी नेहमी भिंतीच्या आधी जिना मोजतो. लिफ्टमध्ये सात-आठ फुटांच्या वर काही जात नाही, जिन्याच्या वळणावर बारा फुटी दांडीसुद्धा अडते. एका बंगल्यात आम्ही दांडी बाहेरून दोरानं बाल्कनीत चढवली होती. इथं ते शक्य नव्हतं, म्हणून तुकडे दुकानात गोल करून नेले आणि शेवटचे सांधे दालनातच चिकटवले. रात्रभर शिकंजे लावून ठेवले, सकाळी सांध्यावर रंधा मारला. गवंड्याच्या पाण्याच्या नळीनं चारही तारा एका पातळीत आणल्या. साडी लागल्यावर बाई काठाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत गेल्या आणि परत आल्या. काही बोलल्या नाहीत. मी पदर आणि अंगाच्या जोडाजवळ उभा राहिलो. विणकरानं मागावर केलेला तो जोड माझ्या सांध्यापेक्षा कितीतरी बारीक होता, आणि मला त्या कारागिराविषयी फार आदर वाटला.

पन्हाळ्याकडच्या एका गावात मात्र हे सगळं ज्ञान कमी पडलं. देवळाच्या माळ्यावर जत्रेतल्या नाटकाचा जुना रंगवलेला पडदा सापडला होता. राजवाड्याचा देखावा, चोवीस फूट रुंद. आमच्या भागात अशा पडद्यांचं मोल जाणणारी माणसं अजून आहेत. कोल्हापूरच्या आनंदराव आणि बाबूराव पेंटर यांनी सिनेमाकडे वळण्याआधी नाटक कंपन्यांचे पडदेच रंगवले होते. गावाला तो पडदा जत्रेत पुन्हा लावायचा होता, पण खालची गुंडाळायची दांडी वाळवीनं खाल्ली होती.

रंगवलेला पडदा नुसता टांगत नाहीत. त्याची खालची कड एका लांब दांडीला ठोकलेली असते. दोर ओढले की दांडी फिरत फिरत वर जाते आणि पडदा तिच्यावर गुंडाळला जातो. दांडीला टोकांवर आणि मधल्या दोरांवरच आधार, बाकी ती अधांतरी. ती बारीक असेल तर रंग पडद्याच्या वळ्यांत तडकतो, जाड आणि भरीव असेल तर वर ओढायला माणसं पुरत नाहीत. मधे बाक असेल तर पडदा तिरका गुंडाळतो आणि चुण्या पडतात. मी भरीव सागवानाच्या हिशेबानं गेलो आणि कुठलंच माप जुळेना.

गावातले एक म्हातारे तरुणपणी हे दोर ओढायचे. ते म्हणाले, "ती भरीव नव्हती, आतनं पोकळ होती. उचलायला दोघं पुरायचो." वाळवीनं खाल्लेला उरलेला तुकडा मी उलगडला. आत दर दीड फुटावर लाकडाची गोल चकती होती, आणि चकत्यांभोवती उभ्या पातळ रिपा ठोकून वर गोल केलेलं. तेव्हा माझ्या डोक्यात पडलेली गाठ सुटली. वाकण्याला विरोध करतं ते कडेचं लाकूड. गाभ्यातलं बव्हंशी नुसतं वजन असतं. तेवढ्याच जाडीच्या भरीव दांडीपेक्षा पातळ भिंतीची पोकळ दांडी जवळजवळ निम्मीच लोंबते, आणि हलकी असल्यामुळे तिची जाडी सहा इंचांपर्यंत नेता येते. बांबूत निसर्गानं हेच केलेलं आहे, पेरांसकट. मी आयुष्यभर बांबू हातात धरला होता, त्याच्याकडून हे शिकायला त्या गावात जावं लागलं.

तशीच दांडी आम्ही पुन्हा बांधली. रिपांचे जोड एका रेषेत येऊ न देता आलटून पालटून ठेवले, म्हणजे कुठल्याच जागी सगळी दांडी कमजोर राहत नाही. जत्रेच्या रात्री पडदा वर गेला तेव्हा ते म्हातारे दोरापाशीच उभे होते, पण ओढत नव्हते. दोन पोरांनी ओढला.

आता अशी कामं कमी येतात. पडद्यांच्या जागी छापील फ्लेक्स आले, घरात स्टीलचे पाइप आले. पाइप वाईट नाही. पण तो पाण्याच्या जागी गंजतो, आणि लांबीत त्यालाही आधार लागतोच. सागवानाची दांडी नीट केली आणि लावताना तिचा नैसर्गिक बाक वरच्या बाजूला ठेवला, वर्षातून एकदा अर्धी फिरवून ठेवली, तर ती एका पिढीत संपत नाही.

ज्या जुन्या वाड्यांत मी दुरुस्तीला गेलो, तिथं माजघरात छताजवळ सोवळं वाळत घालायच्या लांब दांड्या, वलण्या अजून दोरांवर टांगलेल्या असतात. अठरा-वीस फुटांचं एकसंध, सरळ रेषेचं, वर्षानुवर्षं मुरलेलं सागवान. असं लाकूड आज वखारीत पैसे टाकूनही मिळत नाही. वाडा उतरवताना मजूर ते गाडीत मावावं म्हणून चार-चार फुटांचे तुकडे करतात आणि ते जळणात जातात. तुमच्या घरचं असं काम निघालं, तर आधी त्या दांड्या उतरवून घ्या, काजळी पुसून आडव्या ठेवा, आणि कापायच्या आधी एखाद्या सुताराला बोलावून दाखवा.